उस्तादांची शुक्रवारची टाकी

"तू चूप बस, गाडीले बोलू दे."

उस्तादांच्या तोंडचं हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा ट्रक ड्रायव्हर पांढरकवड्यावरून क्वचितच गेला असेल. तो बिचारा नागपूरपासून गाडीने काय काय छळलं ते सांगायला तोंड उघडायचा आणि उस्ताद हात वर करून त्याला जागच्या जागी थांबवायचे. मग इंजिन सुरू करायला लावून, डोळे मिटून, मान खाली घालून उभे राहायचे. डावा कान त्यांचा जवळजवळ गेलेला होता, अर्ध्या आयुष्याच्या डिझेल इंजिनांनी तो खाल्ला होता. त्यामुळे उजवा कान गाडीकडे आणि तोंड भलतीकडे, अशा थाटात ते उभे राहत. नवख्या माणसाला वाटावं, गाडीवर रुसले आहेत. थोड्या वेळाने निकाल लागायचा. "पंप नाही. नोझल आहे. कायले पंप खोलता?" बहुतेक वेळा ते बरोबर निघत. बहुतेक वेळा म्हणते, कारण चुकत तेव्हा चांगलेच चुकत, आणि ड्रायव्हर मंडळी ते त्यांना पुढच्या प्रत्येक फेरीला ऐकवत.

उस्तादांचं गॅरेज हायवेला, आणि घर आमच्या घराला लागून. मधे फक्त एक कमरेएवढी भिंत, तिच्यावरून उस्तादांच्या बायकोची, म्हणजे चाचींची, शेवयांची वाटी इकडे येई आणि आमची तिळाची पोळी तिकडे जाई. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, म्हणून सगळ्या गल्लीची बाई. उस्तादांपेक्षा वयाने चांगली लहान, पण त्यांनी मला कधी नावाने किंवा एकेरी हाक मारली नाही. फाटकाची कडी ते वाजवत नसत. बाहेर उभे राहून एकदा खोकत आणि कोणी येईपर्यंत आमच्या जास्वंदीकडे बघत राहत.

आता जरा माझ्याविषयी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ज्याला मोबाईल कळतो अशी गल्लीत एकदा ख्याती झाली की त्या माणसाचं कल्याण झालंच म्हणून समजा. शाळेत दिवसभर माहिती भरा, फोटो चढवा, चढलेला फोटो पुन्हा चढवा. घरी येऊन पिशवी ठेवते न ठेवते तोच ओसरीवर कोणीतरी बसलेलं. कोणाचा गॅसचा नंबर लागत नाही, कोणाच्या म्हाताऱ्याला हयातीचा दाखला ऑनलाइन द्यायचाय, कोणाच्या फोनमधून नातवाचा फोटो गायब झालाय आणि तो मीच शोधून द्यायचाय. त्यात मुलाने पुण्याहून येऊन घरात वायफाय बसवून दिलं. रोज बोलता येईल म्हणाला होता. त्याचं बोलणं महिन्यातून एकदा होतं, वायफाय मात्र गल्लीच्या कामी आलं. पुष्कळदा मनात येई, सगळ्यांना हाकलावं आणि दार लावून पडून राहावं. हाकललं कोणालाच नाही. चहाही करत राहिले.

या दरबारात उस्ताद कधी आले नव्हते. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन होता आणि तोही ते कानापासून हातभर लांब धरून ओरडत. म्हणून एका शुक्रवारी संध्याकाळी फाटकाशी ओळखीचा खोकला ऐकला तेव्हा मला वाटलं, चाचींनी काही निरोप पाठवला असेल. शुक्रवारी नमाजनंतर ते गॅरेज उघडत नसत. अंगात पांढरा कुर्ता, नखांतलं काळं मात्र तसंच, आणि हातात कोरा करकरीत टचफोन. तो त्यांनी असा धरला होता की जणू आत पाणी आहे आणि ते सांडेल.

"बाई, मोबाइलात लोकं नुसते बोलत असते ना, थे मले याच्यात भरून पायजे."

"व्हिडिओ का?"

"नाई, चित्र नको. नुसतं बोलनं. गाडीत ड्रायव्हर लोकं लावतेत ना, थे."

पॉडकास्ट म्हणायचं होतं त्यांना. मी थकलेली होते, पण हे नवीन होतं. गॅस नाही, दाखला नाही. कोणाचं बोलणं हवंय म्हणून विचारलं तर जास्वंदीकडे बघायला लागले. मग खिशातून उदबत्तीच्या पुड्याचा एक तुकडा काढून माझ्या हातात दिला. त्यावर कोणा ड्रायव्हरने वेड्यावाकड्या अक्षरात एक नाव लिहून दिलं होतं. ते उस्तादांच्या मुलीचं, नजमाचं होतं.

झालं होतं असं. हैदराबादकडून आलेला एक ट्रक गॅरेजात लागला होता. ड्रायव्हर हातपाय धुवायला गेलेला, केबिनचं दार उघडं आणि त्याचा फोन आत चालूच राहिलेला. उस्ताद गाडीखाली पाठीवर पडून काम करत होते. वरून नजमाचा आवाज आला. "आधी मले वाटलं, सोबत घेऊन आला का काय हा तिले," उस्ताद मला सांगत होते. "म्या पाना तसाच टाकला आन् भायेर आलो. केबिनीत पाह्यलं, कोनीच नाही. सीटवर मोबाइल पडेल, आन् नजमा बोलून राह्यली. हसून राह्यली, बाई." ड्रायव्हर परत आला तेव्हा ते पायरीवर चढून, उजवा कान आत घालून उभे होते. त्याने सांगितलं, ही बाई दर आठवड्याला बोलते, रस्त्यात झोप येऊ देत नाही. ती आपली मुलगी आहे हे उस्तादांनी त्याला सांगितलं नाही.

सांगणार कसं? नजमाशी त्यांचं बोलणं बंद होतं. आदिलाबादच्या पुढे एका गावात तिला दिली होती. लग्नानंतर वर्षभरात ती माहेरी निघून आली. अंगावर खुणा होत्या, चाचींनी त्या मला दाखवल्या होत्या. उस्तादांनी तिला आपल्या जीपमध्ये बसवून परत नेऊन सोडलं. काही महिन्यांनी ती पुन्हा आली, पुन्हा नेऊन सोडलं. त्यानंतर ती पांढरकवड्याला आलीच नाही, सासरहून निघून सरळ हैदराबादला गेली, नोकरी धरली, तलाक घेतला. आईशी फोनवर बोलायची. बापाने फोन मागितला नाही आणि तिनेही बापाला द्यायला सांगितलं नाही. अशी बरीच वर्षं गेली. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि उस्तादांसमोर कोणी नजमाचं नाव काढत नसे.

मी शोधलं तर ती लगेच सापडली. शेजारी तिचा फोटो, जरा अंगाने भरलेली, डोळ्यांवर चष्मा. उस्तादांनी फोटो पाहिला आणि फोन माझ्या हातात परत दिला, म्हणाले, "बोलनं लावा." मी त्यांना रीतसर सगळं दाखवलं. हे उघडायचं, इथे नाव बोलायचं, हे तिचं पान, हे एकाखाली एक तिचे भाग. ऐकायचं असेल तर हे तीनकोनी बटण. पण गॅरेजच्या टिनांखाली नेटवर्क धरत नाही आणि गाडीखाली तर नाहीच, म्हणून इथे घरीच आधी उतरवून घ्यायचं. भागासमोर खाली तोंड केलेला बाण आहे, तो दाबला की गोल फिरतो, फिरायचा थांबला की भाग फोनमध्ये आला. मग जंगलात जाऊन ऐका, नेटवर्क असो नसो.

"म्हंजे टाकी फुल करून घ्याची घरूनच," उस्ताद म्हणाले. त्यांना ते माझ्यापेक्षा नीट कळलं. तेव्हापासून दर शुक्रवारी फाटकाशी खोकून ते तेवढंच म्हणत, "बाई, हप्त्याची टाकी."

पहिल्याच दिवशी मी त्यांना पुढचंही सांगितलं होतं. हा बाण दर वेळी दाबत बसायला नको. तिच्या नावाखाली सबस्क्राइबचं बटण आहे, ते एकदा दाबलं की नवीन भाग आला की आपोआप फोनमध्ये उतरतो. उस्तादांनी फोन झटकन माझ्या हातातून घेतला.

"थे नाई दाबाचं."

"अहो, पैसे नाही पडत त्याला."

"पैशाचं नाई बाई. थे दाबलं का नाव जाते." नागपूरहून येणारा एक उर्दू पेपर त्यांनी पूर्वी वर्गणी भरून लावला होता. तो टपालाने यायचा, आणि वरच्या पट्टीवर उस्तादांचं नाव, गाव, पत्ता छापलेला असायचा. पेपर बंद केला तर पेपरवाल्यांचं विचारणारं कार्ड आलं होतं. म्हणजे लावणाऱ्याचं नाव तिकडे असतंच, अशी त्यांची पक्की समजूत. "तिले कळन ना, का अब्बा आयकून राह्यले म्हनून."

इथे तसं नसतं, असं मी सांगायला गेले तर त्यांनी हात वर केला. ड्रायव्हरला थांबवतात तोच हात. मी थांबले. दिवसभर पोरांसमोर ओरडून घसा बसलेला होता, त्यांना पटवत बसण्याइतका जीव माझ्यात नव्हता. "आन् बाई," जाता जाता म्हणाले, "घरी नका बोलू. नजमाच्या मायले तं मुळीच नाई."

शुक्रवार असा लागून गेला. भाग उतरेपर्यंत उस्ताद ओसरीवर बसत. वायरवाला इअरफोन होता. उजव्या कानात एक बोंडूक घालत, डावं असंच छातीवर लोंबत राही. मी एकदा सहज ते माझ्या कानात घातलं. त्यांनी काही म्हटलं नाही, उलट जरा सरकून बसले, म्हणजे वायर ताणू नये. मग माझाही तो नेम झाला. गल्लीतलं कोणी त्या वेळी काम घेऊन आलं तर उस्तादच परस्पर सांगत, "बाई कामात हायेत."

नजमा बोलायची छान. हैदराबादी हिंदी, मधूनच आपली वऱ्हाडी. हायवेवरचं बालपण, धाब्यांची गंमत, शाळेत जाताना ट्रकवाले काका कसे हॉर्न वाजवून सलाम करायचे, अम्मीच्या हातचं चिंचेचं खट्टं वरण, हे असलं काहीबाही. बापाचं बोलणं ती हुबेहूब करायची. ऐकणारे फार नसावेत. उस्तादांना तिचं कौतुक होतं, पण तोंडून निघायच्या त्या तक्रारी. "झूट. थे गाडी माह्यावाली नव्हतीच." "पाह्य कशी सांगून राह्यली! पडली होती हे, आन् नाव माह्यं." एकदा तिने सांगितलं, अब्बांना गाणं येत नाही पण इंजिनाच्या तालावर ते गुणगुणतात. तर उस्ताद चांगलेच बिथरले. "कवा गुनगुनलो म्या? बाई, तुम्ही आयकलं काय कवा?" मी भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकत आले होते. नाही म्हटलं.

चाचींचं निराळंच. त्या मंगळवारी दुपारून यायच्या, त्यांचा जुना फोन घेऊन. व्हिडिओवर नजमा दिसत नाही, नुसता आवाज येतो, पाहा ना बाई. मी जोडून द्यायची आणि त्या माझ्या स्वयंपाकघरात उभ्या राहून लेकीशी बोलायच्या. घरी बोलायची चोरी नव्हती, पण उस्ताद ते ऐकून उठून जायचे, ते चाचींना सहन व्हायचं नाही. "बाई, याईले नका सांगू, का मी येते म्हनून," त्या म्हणत. एकाच घरातली दोन माणसं, एकाच लेकीसाठी, वेगवेगळ्या वारी माझ्या घरी. दोघांची गुपितं मी सांभाळायची, आणि वर दोघांना चहा. कधी कधी असा वैताग यायचा की दोघांना एकदम बोलवावं आणि सगळं ओसरीवर मांडावं. पण शब्द दिलेला होता, तो पाळला.

मग तो शुक्रवार आला. त्या भागाचं नाव 'जीप' होतं. उस्ताद खूश झाले. "आता जीपचं सांगन. पाहू आता किती झूट बोलते थे." आम्ही एकेक कान घेऊन बसलो.

नजमा त्या दिवशी हसत नव्हती. तिने नाव कोणाचं घेतलं नाही, एवढंच म्हणाली, एक मुलगी होती. ती सासरहून पळून आली. तिच्या अब्बांनी तिला जीपमध्ये बसवलं आणि परत सोडायला निघाले. रस्ताभर ती सांगायचा प्रयत्न करत होती. अब्बा म्हणाले, 'तू चुप बैठ बेटा, घर जाके सब ठीक होता.' मग वाटेत जीपमधून बारीकसा आवाज यायला लागला. अब्बांनी लगेच गाडी बाजूला घेतली, उतरले, बॉनेट उघडलं, डोळे मिटून किती तरी वेळ ऐकत उभे राहिले. मुलगी आत बसून त्यांच्याकडे बघत होती. पुढचं वाक्य तिने अगदी साध्या आवाजात म्हटलं. 'गाड़ी की आवाज़ के लिए उतरे वो। मेरी आवाज़ के लिए नहीं उतरे।'

पुढेही काही होतं, मला ते आठवत नाही. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. भाग संपला तरी उस्तादांनी कानातलं काढलं नाही. आता म्हणतील झूट, असं वाटलं, आणि त्यांनी म्हणावं अशी माझी फार इच्छा होती. कारण दोन्ही वेळची ती जीप जाताना मीही याच फाटकाशी उभी राहून पाहिली होती, आणि हे सगळं खोटं निघालं असतं तर सगळ्यांनाच बरं झालं असतं.

"पट्टा ढिला होता," उस्ताद म्हणाले. "फॅनचा पट्टा. खरं सांगून राह्यली."

चाची पलीकडून भिंतीवर काहीतरी वाळत घालत होत्या. त्यांनी विचारलं, काय झालं हो. काही नाही म्हणून मी सांगितलं. उस्तादांनी फोन माझ्यासमोर धरला.

"बाई, आता थे बटन दाबा."

"कोणतं?"

"ज्यानं नाव जाते थे."

आता मला सांगणं भाग होतं, आणि या वेळी त्यांनी हात वर केला नाही. मी म्हटलं, "उस्ताद, नाव जात नाही हो. त्या दिवशीच सांगत होते. तिला एवढंच दिसतं की ऐकणारा कोणी एक वाढला. कोण, कुठला, काही कळत नाही."

"कोनी एक?"

"हो."

"मंग तिले कसं कळन, का म्या आयकलं म्हनून?"

"फोन करा. आत्ता लावून देते."

"फोनवर मले नाई जमत बाई. समोर मानूस पायजे."

"मग जाऊन सांगा."

ते जास्वंदीकडे बघायला लागले. माझा चहा निवून गेला. शेवटी म्हणाले, "दाबा तरी. एक तं वाढन तिचा." मी दाबलं. बटणाचा रंग बदलला, बाकी काही झालं नाही.

पुढच्या आठवड्यात ते हैदराबादला गेले. बसने नाही, एका ओळखीच्या ड्रायव्हरच्या ट्रकमधून, कारण हायवेवरचा ट्रक सोडून दुसऱ्या गाडीवर त्यांचा विश्वास नव्हता. पत्ता त्यांनी चाचींकडेच मागितला. चाचींनी का म्हणून विचारलंसुद्धा नाही, पटकन सांगून टाकला, उगाच विचारलं आणि बेत फिरला तर! मग भल्या पहाटे उठून एवढं खायचं बांधून दिलं की ट्रकमध्ये बसलेल्या सगळ्यांना पुरावं. उस्ताद पांढरा कुर्ता घालून केबिनमध्ये चढले तेव्हा त्या फाटकाशी उभ्या राहून तोंडावर ओढणी धरून रडत होत्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि शाळेला उशीर झाला.

परत आले ते दोनेक दिवसांनी. माझ्या ओसरीवर येऊन बसले. मी विचारलं, भेट झाली का?

"झाली ना. चाय पाजली तिनं. चांगली करते."

"आणि?"

"आन् काय? घर चांगलं हाये. तिसऱ्या माळ्यावर. हवा येते."

एवढंच. खोदून विचारायचा माझा स्वभाव नाही, आणि त्या दिवसांत शाळेत कसलंसं प्रशिक्षण चालू होतं, संध्याकाळी माझ्या डोक्यात काही शिरत नसे. मी समजून घेतलं, झालं असेल बोलणं. चाचींच्या घरून आता लेकीचे फोन मोकळ्या आवाजात ऐकू यायचे. उस्ताद तेव्हा उठून जात नसत. फोन स्वतः हातात घेत नसत, ते जाऊ द्या, पण तिथेच बसून राहत. मला फार हलकं वाटलं. मनात म्हटलं, चला, एक काम तर नीट झालं.

माझा शुक्रवार मात्र मोकळा झाला. बटण दाबल्यापासून भाग आपोआप उतरू लागले होते. आमच्या वायफायची रेंज भिंतीपलीकडे त्यांच्या ओट्यापर्यंत जात होती, त्यांना माझ्याकडे यायचं कारण उरलं नाही. तरी अधूनमधून खोकला ऐकू यायचा. फोनमध्ये जागा संपली म्हणून, आवाज कमी येतो म्हणून. आवाज कमी येत नव्हता, त्यांचा उजवा कानही आता जायला लागला होता. ते त्यांना कळत होतं आणि मलाही कळत होतं. आम्ही दोघंही फोनलाच नावं ठेवायचो. मग मी आवाज पूर्ण वाढवून द्यायची. भिंतीपलीकडून नजमा मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. चाचींपासून आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. लेकीला तू सांगू नको, मीच सांगीन, असं त्यांनी चाचींना बजावलं होतं, ते मला मागाहून कळलं.

थंडीत त्यांच्या छातीत दुखायला लागलं. गॅरेजातूनच त्यांना यवतमाळला नेलं. मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर जाणार होते, त्याआधीच निरोप आला. माझ्या वडिलांच्या वेळी मी इतकी रडले नव्हते. वडील आजारी होते, मनाची तयारी झालेली होती. उस्तादांच्या वेळी कसलीच तयारी नव्हती आणि आपण त्यांच्यात एवढे गुंतलो आहोत याचा पत्ताही नव्हता. हायवेवरून जाणाऱ्या कितीतरी ट्रकांनी त्या दिवशी गॅरेजासमोर वेग कमी केला. काही थांबले. ड्रायव्हर उतरून बंद शटरसमोर जरा वेळ उभे राहायचे आणि पुन्हा निघायचे.

नजमा आली होती. मातीला वेळेत पोचली नाही, पण आली. आठवडाभर आईजवळ राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांत मी तिला लांबूनच पाहत होते. परत जायच्या आदल्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली, एकटी. फाटक उघडून सरळ आत आली आणि ओसरीवर बसली.

"बाई, अब्बा आलते माह्याकडे. मालूम आहे तुम्हाले?"

"मालूम आहे."

"काहीच नाही बोलले," ती म्हणाली. तिचा तो फोनमधला आवाज राहिला नव्हता, रडून रडून पार बसला होता. "रस्ता कसा झाला थे सांगतलं. ट्रकवाल्याची गाडी आवाज करते म्हने, थे सांगतलं. चाय पेले. मी दिवसभर वाट पाह्यली, का आता काही म्हनतीन, आता म्हनतीन. संध्याकाळी उठले, डोक्यावर हात ठेवला आन् गेले. मी मोबाइलवर सगळं सांगत असते बाई. अख्ख्या दुनियेले सांगतलं. अब्बाईले काही पत्ताच नव्हता त्याचा."

चहाबद्दल मला सांगताना उस्ताद काय गिळून बसले होते, ते मला तेव्हा कळलं. जाऊन सांगा, असं मीच म्हटलं होतं, आणि ते गेले होते. तेवढंच त्यांना जमलं.

मी ज्याला शब्द दिला होता, तो माणूस आता राहिला नव्हता. मी तिला म्हटलं, "अब्बांचा फोन घेऊन ये." चाचींनी तो कपाटात कपड्यांखाली ठेवला होता. दवाखान्यात नेल्या दिवसापासून तो बंदच होता. मी चार्जिंगला लावला. सुरू व्हायला त्याने वेळ घेतला आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो.

मग मी तिला तिचंच पान उघडून दाखवलं. बटण दाबलेलं दाखवलं. दर शुक्रवारी आमच्या ओसरीवर काय चालायचं ते सांगितलं. ती ऐकत होती पण तिला खरं वाटत नव्हतं, असं मला दिसत होतं. म्हणून मी उतरवलेल्या भागांची जागा उघडली. त्या फोनमध्ये फार काही मावत नसे. ऐकून झालं की पुसायचं, तेव्हाच नवीन उतरेल, हे मीच उस्तादांना दाखवलं होतं, आणि ते इमानाने पुसत. हायवेवरचं बालपण पुसलं होतं. अम्मीच्या हातचं खट्टं पुसलं होतं. अब्बा इंजिनाच्या तालावर गुणगुणतात तो भागही पुसला होता. एकच तेवढा ठेवला होता.

नजमाने फोन जवळ घेऊन त्याचं नाव वाचलं. जीप.

"हा कवा आयकला त्याईनं?" तिने विचारलं. "हैदराबादले आले त्याच्या पह्यले, का नंतर?"

"आधी. माझ्यासमोर ऐकला त्यांनी, इथेच बसून. आणि त्याच आठवड्यात तुझ्याकडे निघाले."

ती फोनकडे बघत राहिली. आतून आमच्या कुकरची शिट्टी झाली, मी उठले नाही. मग ती म्हणाली, ते मला नव्हतं, स्वतःशीच होतं.

"म्हंजे आयकूनच आलते."